मी तिथं नव्हते

ज्या मारामारीत मी आरोपी नंबर एक होते, ती मारामारी मी बघितलेली नाही. त्यामुळं ती नेमकी कशी झाली हे मला विचारू नका. ऐकीव तेवढं सांगते. आमच्या विहिरीचं पाणी दिराच्या सोयाबीनला न्यायचं तर पाईप माझ्या चुलत सासऱ्यांच्या रानातनं जातो. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणायचे. तात्यांच्या ट्रॅक्टरखाली तो पाईप आला आणि फाटला. माझे दीर विचारायला गेले, मागनं आमचे हे समजूत घालायला गेले. समजूत घालता घालता शिव्या झाल्या, शिव्यांवरनं धराधरी झाली आणि तात्यांच्या कपाळाला खोक पडली. ती पाईप लागून पडली, का पाईपात पाय अडकून तात्या धुऱ्याच्या बांधावर आपटले म्हणून पडली, यावर अजून दोन मतं आहेत. दोन्ही मतं शपथेवर आहेत.

त्या दुपारी मी जळकोटच्या मैदानावर तोंडात शिट्टी घेऊन उभी होते. केंद्रातल्या शाळांच्या क्रीडा स्पर्धा होत्या, मुलींचा खो-खो आणि पंच मी. एका पोरीला बाद दिलं म्हणून तिच्या गावचे चार लोक माझ्या अंगावर धावून आले होते. म्हणजे मारामारी व्हायचीच असती तर ती माझी तिथं झाली असती. एवढ्या लोकांनी मला बघितलं, भेळवाल्यानंसुद्धा बघितलं. संध्याकाळी घरी येऊन पाय धुवावेत तर दारात हवालदार.

"बाई, तुमचं नाव हाय फिर्यादीत," ते म्हणाले. "सगळ्यात वर हाय."

"अहो, मी तिथं नव्हते!"

"ते कोर्टात सांगा," हवालदार म्हणाले आणि चहा घेऊन गेले. चांगला माणूस होता. दुसरा चहा मात्र नको म्हणाला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर परक्या माणसाला वाटेल पोलिसांची चूक झाली. पोलिसांची काही चूक नाही. आमच्या भागात फिर्याद द्यायला निघाले की मारणाऱ्याचं नाव नंतर आठवतात, आधी त्या घरात नोकरीला कोण आहे ते आठवतात. तलाठी, कंडक्टर, गुरुजी, जे असेल ते पहिलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि घराचं नाक म्हणजे नोकरीवालं माणूस. नुसत्या शेतकऱ्याला कोर्टाची फिकीर नसते, तारखेला येतो, झाडाखाली डबा खातो, जातो. नोकरीवाला झोपत नाही, आणि घरच्यांनाही झोपू देत नाही, मग घर तडजोडीला येतं. ही अक्कल आमच्याकडं शाळेत शिकवावी लागत नाही.

रीत मला ठाऊक होती. तात्या ती माझ्यावर चालवतील हे ठाऊक नव्हतं. मला बघायला आले तेव्हा होकार तात्यांनीच दिला होता. लग्नानंतर सासरे म्हणाले, सुनेच्या पगाराची आपल्याला काय गरज, तर तात्या त्यांच्यावर उखडले. "पोरगी शिकलीय. तिला भाकरी थापायलाच आणायची व्हती तर मला कशाला नेलं बघायला?" पहिल्या दिवशी शाळेवर हजर व्हायला मला त्यांनीच आपल्या फटफटीवर नेऊन सोडलं. ज्या नोकरीसाठी ते माझ्या बाजूनं भांडले, त्याच नोकरीपायी त्यांनी माझं नाव वर घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी पोरांना वाक्यात उपयोग करायला देत आले होते. आता माझ्यावरच उपयोग झाला.

वकील तुळजापूरचे धरले. पुजाऱ्याच्या घरातले होते. सकाळी यजमानांचा अभिषेक सांगायचा, मग अंगात काळा कोट घालून कोर्टात, कपाळावर कुंकवाचा पट्टा तसाच. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत सोलापूरकडनं आलेली यजमान मंडळी नारळ घेऊन बसलेली आणि त्यांच्यात मी चार्जशीट घेऊन. मी ती लाल पेननं खुणा करत वाचून आले होते, सवयच तशी.

त्यात असं होतं की आरोपी क्रमांक एक हिने इतर आरोपींशी संगनमत करून, फिर्यादीस शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, लोखंडी पाईपने कपाळावर मारून जखमी केले व जिवे मारण्याची धमकी दिली. रानात पडलेला काळा प्लॅस्टिकचा पाईप ठाण्यापर्यंत जाता जाता लोखंडाचा झाला होता.

"लोखंडावरच तर सगळं आहे," वकीलसाहेब म्हणाले. प्रकरण नवे कायदे यायच्या आधीचं, म्हणून कलमं जुनीच. तीनशे तेवीस म्हणजे साधी मारहाण, पाचशे चार म्हणजे शिवी, पाचशे सहा म्हणजे धमकी. ही तिन्ही दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टापुढं मिटवता येतात. तीनशे चोवीस म्हणजे हत्यारानं मारणं, ते कोर्टापुढं मिटत नाही.

"आणि हे शेवटचं चौतीस?"

"चौतीस म्हणजे सगळ्यांचा इरादा एक."

"वकीलसाहेब, आमच्या घरात आजपर्यंत कालवण कशाचं करायचं यावर इरादा एक झालेला नाही."

ते हसले नाहीत. आतून कुणीतरी ओटीचं ताट मागितलं, ते उठून देऊन आले.

मी म्हटलं, मी मैदानावर होते हे सांगायला शंभर माणसं आणते. ते म्हणाले, आणा, पण तुमची बारी सगळ्यात शेवटी. आधी त्यांचे साक्षीदार, मग तपास करणारे, मग डॉक्टर, मग तुमचं म्हणणं आणि त्यानंतर तुमचे साक्षीदार.

"किती वर्षं?"

"देवी जाणे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते जरा अधिकृत वाटलं.

मग तारखा सुरू झाल्या. मी किरकोळ रजा टाकायची, एसटीनं तुळजापूरला यायचं, कोर्टाच्या बाकावर बसायचं. पुकारा झाला की आत जायचं आणि 'आरोपी नंबर एक हजर' एवढं लिहून घेतलं की बाहेर यायचं. बाकावर जुगाराच्या केसमधला एक गडी असायचा, कायम खुशीत. त्याला माझी दया आली.

"म्याडम, कशाला बेजार होताव? कबूल करून टाका की. कोर्ट उठस्तोवर बसायची शिक्षा देत्यात, दंड भरायचा आन् चारच्या गाडीनं घरी. लई सोपं हाय."

घरी दीरही तेच म्हणायला लागले. "वैनी, कबूल करून टाका. सगळेच सुटू." हे सगळेच म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

वकिलांना विचारलं तर ते दचकले. "जुगारवाल्याचं ऐकू नका. त्याला कबुली परवडते. तुम्ही सरकारी नोकर. कबूल केलं म्हणजे शिक्षा झाली, दंड झाला तरी शिक्षाच. ती वर कळवावी लागते, मग नोकरी ठेवायची का काढायची ते साहेबांच्या मर्जीवर." मग आठवल्यासारखं म्हणाले, "कायद्यात आणखी एक सोय आहे. प्ली बार्गेनिंग म्हणतात. वाटाघाटीची कबुली. आपण आपल्या मर्जीनं अर्ज द्यायचा, जज एकट्याला आत घेऊन विचारतात की कुणाचा दबाव नाही ना. मग फिर्यादी, सरकारी वकील, पोलीस आणि आपण बसून भरपाई ठरवायची. शिक्षा कमी होते, पाव होते, कधी नुसत्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात."

"पण मी गुन्हेगारच ना?"

"हां. पण सवलतीत."

मी आठवडी बाजारात वांग्यांची घासाघीस केलेली बाई आहे. पण न घेतलेल्या वांग्यांचे पाव पैसे द्या आणि सुटा, असं मला कुठल्या माळणीनं कधी म्हटलेलं नाही. मी विचारलं, तुमच्या हातनं आजवर असा अर्ज कुणी केला? ते म्हणाले, एकानंही नाही. इकडं लोक एक तर कबूल करतात, नाहीतर आपसात मिटवतात. अर्ज देऊन कबूल करायला कुणाला सवड आहे?

दोषारोप वाचला गेला त्या दिवशी मॅजिस्ट्रेट साहेबांनी लोखंडी पाईपापासून धमकीपर्यंत सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मी सुरुवात केली, "साहेब, त्याचं असं आहे, त्या दिवशी जळकोटला केंद्राच्या..."

"बाई, हो किंवा नाही."

एका वाक्यात उत्तरे लिहा, हा प्रश्न आयुष्यभर मी दुसऱ्यांना घातला. कबूल नाही, म्हटलं.

आता उलटी बाजू. त्याच संध्याकाळी आमच्या दिरांनीही ठाण्यात जाऊन तात्यांवर फिर्याद दिली होती, आणि रीत आमच्या घरानंही मोडली नव्हती. तात्यांचा धाकटा सोलापुरात राहून पोलीस भरतीची तयारी करत होता, तो त्या केसमधला आरोपी नंबर एक. तो भांडणाच्या दिवशी गावात नव्हता हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ही मारहाण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितलेली साक्षीदार कोण, तर मी!

पोलिसांपुढच्या जबाबावर सही लागत नाही, हे मला कागद हातात पडल्यावर कळलं. 'मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी शेतात हजर असताना' अशी सुरुवात. मी न दिलेला जबाब, पण शुद्धलेखनाची एक चूक नाही. दिरांना जाब विचारला तर म्हणाले, "वैनी, तुमी शिकलेल्या. कोर्टात नीट बोलताल म्हणून घातलं की नाव." म्हणजे एकाच वेळी मी एका केसमधे तात्यांना पाईप मारत होते आणि दुसऱ्या केसमधे बाजूला उभी राहून तात्या आमच्या माणसांना मारतायत हे बघत होते. मैदानावरच्या खो-खोला मात्र कुठल्याच कागदावर जागा नव्हती.

वर्षं गेली. तात्यांच्या धाकट्याची भरतीतली चौकशी केसपायी अडकून बसली. माझी मुख्याध्यापकपदाची बढती अडकली. दोन्ही घरं बेजार झाली आणि शेवटी दोन्हींकडच्या सोयऱ्यांनी मधे पडून बैठक घातली, वकीलसाहेबांच्याच घरी. उघड मिटवता येत नाही, मग इकडं मिटवतात तसं मिटवायचं ठरलं. तात्या आमच्या केसमधे साक्षीला उभे राहणार आणि म्हणणार, डोळ्यावर ऊन होतं, मारणारे ओळखू आले नाहीत. त्यांच्या केसमधे आमचे दीर तेच म्हणणार. भर दुपारी दोन्ही घरांना एकदम दिसायचं बंद झालं होतं.

नुसत्या तोंडी शब्दावर आमच्याकडं कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून सगळे देवळात गेलो. देवीपुढं बेल-भंडारा उचलून एकेकानं इमान दिलं की कोर्टात ओळखणार नाही. मी वकिलांना हळूच म्हटलं, "म्हणजे इथं शपथ घ्यायची की खोटं बोलू, आणि तिथं शपथ घ्यायची की खरं बोलू. यातली पाळायची कुठली?"

"इथली," ते म्हणाले. पापणी हलली नाही.

माझी बारी आली. मी म्हटलं, मला खोटं बोलायची गरजच नाही. तात्यांनी काही केलेलं मी बघितलेलं नाही. मी तिथं नव्हतेच, तेच सांगते.

तात्या म्हणाले, "म्हंजी म्या फिर्याद खोटी दिली, आसं साहेबापुढं सांगणार व्हय तू?"

दीर म्हणाले, "आन् मी तुमाला साक्षीला घातलं, ते? वैनी, मी हुते पर दिसलं न्हाय, एवढंच म्हणा. तेवढ्यानं कुणाचं कायबी बिघडत न्हाय."

तात्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही घरांचा इरादा एक झाला, आणि तो मी तिथं असण्यावर झाला. मी भंडारा उचलला. तात्यांनी मारलेलं बघितलं असं म्हणणार नाही, एवढाच शब्द दिला. मी तिथं होते म्हणेन असा शब्द मी दिला नाही, हे तात्यांना कळलं. देवळातनं परत पायऱ्या चढताना ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, तू 'नव्हते' म्हणालीस तर मग मीबी वळखीन बरं का."

म्हणजे सरळ होतं. मी होते म्हटलं तर तात्या मला ओळखणार नाहीत आणि मी सुटेन. मी नव्हते म्हटलं तर तात्या स्वतःला खरं ठरवायला माझ्याकडं बोट दाखवतील, आणि दंड होवो नाहीतर कैद, नोकरी गेलीच. आमचे हे घरी म्हणाले, "एक वाक्य तर म्हणायचंय. काय जातं तुझं?" मी ताट आपटलं. काय जातं! तुम्ही तिथं होतात म्हणून तुमचं काही जात नाही.

त्यांची केस आधी लागली. मी साक्षीच्या पिंजऱ्यात, तात्या समोर आरोपीच्या जागी, हात मागं बांधून. खरं बोलण्याची शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, "घटनेच्या वेळी तुम्ही शेतात हजर होता?"

खरं सांगते, मी 'हो' म्हणायचं ठरवून गेले होते. बढती, कर्जाचे हप्ते, पोरीचं कॉलेज, सगळं मनात घोळवून गेले होते. पण हजर हा शब्द ऐकला आणि डोकं फिरलं. वर्षानुवर्षं या कोर्टात हजर राहून राहून रजा संपल्या होत्या माझ्या. आता त्या दुपारीही हजर?

"नव्हते," मी म्हटलं. "जळकोटला होते. खो-खोची पंच होते."

सरकारी वकिलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांकडं वळून म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपासाची परवानगी असावी. मग मला विचारलं, "आरोपींशी तडजोड झाल्यामुळं तुम्ही आज खोटी साक्ष देताय, हे खरं आहे का?"

"खोटं आहे."

टाइप करणाऱ्या बाईंनी ते टाइप केलं. त्या सगळ्या कज्ज्यात शपथेवर खरं असं वाक्य तेवढं एकच बोललं गेलं, आणि ते बोलणारी कागदावर फितूर ठरली. बाहेर आले तर दीर निघून गेले होते. हे गाडीला किल्ली लावून बसले होते.

पुढच्या तारखेला आमची केस. तात्या पिंजऱ्यात गेले. धोतर नवं होतं, कपाळावरची खूण अजून दिसत होती. दीर आणि हे माझ्या शेजारी. नोकरी लागल्यावर मी कुठल्या साहेबाला घाबरले नाही इतकी त्या म्हाताऱ्याला घाबरले. सरकारी वकिलांनी दिरांकडं बोट केलं. तात्या म्हणाले, वळखत न्हाय, डोळ्यावर ऊन हुतं. आमच्या ह्यांच्याकडं बोट केलं. वळखत न्हाय.

"आणि ही आरोपी नंबर एक? हिला ओळखता?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. लवकर नजर काढली नाही. मला वाटलं, आता बोट उचलतील. बोट नाही उचललं.

"न्हाय साहेब. ह्या बाईला म्या जल्मात बघितलं न्हाय."

"ती तुमच्या सख्ख्या पुतण्याची बायको आहे ना?"

"आसंल. म्या वळखत न्हाय."

सुटलो आम्ही. दोन्ही केसमधे सगळेच सुटले, सबळ पुराव्याअभावी निर्दोष. निकालात कुठंही मी तिथं नव्हते असं लिहिलेलं नाही. एवढंच आहे की मी तिथं होते हे शाबीत झालं नाही. धाकटा पोलिसात लागला. मी मुख्याध्यापक झाले. मला तर देव पावल्यासारखं झालं होतं. कोर्टाच्या आवारात मी पदर डोक्यावर घेऊन तात्यांच्या पाया पडायला धावले, वाकले. ते माझ्या बाजूनं निघून गेले.

मला वाटलं, चार दिवसांचा राग असेल. सासरे वारले तेव्हा तात्या आले, सगळ्यांशी बोलले, माझ्या हातचा चहा मात्र त्यांनी उचलला नाही. मी तीनदा माणसं पाठवली, तुमच्या रानातनं पाईप काढते म्हणाले, माझं चुकलं म्हणाले. चुकलं नव्हतं तरी म्हणाले. निरोप पोचला, उत्तर आलं नाही.

परवा धाकट्याच्या लग्नात मी पंगतीत वाढत होते. तात्यांच्या पानाशी आले, म्हटलं, "तात्या, बुंदी वाढू?" शेजारी मुलीकडचा कुणी पाहुणा बसला होता. त्यानं सहज विचारलं, "ह्या कोण? तुमच्या सूनबाई का?"

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, पिंजऱ्यातनं बघितलं होतं तसंच.

"न्हाय," ते म्हणाले. "आसंल कोणतरी गावातली मास्तरीण."

इतके साक्षीदार मी त्या कोर्टात बघितले. दिलेला जबाब पुढं जाऊन खरा करून दाखवणारा हा एकच. मी त्यांच्या पानात बुंदी वाढली आणि पुढच्या पानावर गेले.